राउटरचं फर्मवेअर: आधी तारीख बघा

घरच्या राउटरवर कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, ठेवावं की ओपनडब्ल्यूआरटीसारखं खुल्या कोडचं कस्टम फर्मवेअर चढवावं, हा वाद वीस वर्षं चालू आहे आणि वीस वर्षं तो सारख्याच हट्टाने घातला जातो. एक गट म्हणतो, कंपनीच्या फर्मवेअरवर भरवसा ठेवणं हा भाबडेपणा आहे, फेकून द्या ते. दुसरा म्हणतो, चाललंय ना नीट, मग हात कशाला लावायचा? राउटरच मेला तर? दोघंही फर्मवेअर ही एकदा निवडून बसवायची आणि विसरायची वस्तू आहे असं धरून चालतात. राउटर मात्र पाच-सात वर्षं, दिवसाचे चोवीस तास इंटरनेटच्या तोंडावर उभा असतो. एवढ्या काळात त्याच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात), डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या, प्रोग्रॅममध्ये, वाय-फायच्या प्रोटोकॉलमध्ये नव्या चुका सापडतच राहतात. म्हणून विचारायला हवं ते इतकंच: या यंत्राला दुरुस्त्या कोण देणार, त्या बसवणार कोण, आणि कोणत्या तारखेपर्यंत?

उत्तर सुरुवातीलाच देतो. जोवर कंपनी दुरुस्त्या काढते आहे आणि त्या आपोआप बसतात, तोवर बहुतेक घरांना मूळ फर्मवेअर सोडण्याचं कारण नाही. ज्या दिवशी हा पुरवठा आटतो, त्या दिवशी राउटर कितीही ठणठणीत असला तरी फर्मवेअर बदलावं, ते जमत नसेल तर राउटर बदलावा. आणि त्या दिवशी हा पर्याय हातात असायला हवा असेल, तर राउटर विकत घेतानाच त्यावर दुसरं फर्मवेअर चढतं का हे पाहिलं पाहिजे. दोन्ही गटांना हे बोटचेपं वाटेल, याची कल्पना आहे.

मुळात 'कंपनीचं विरुद्ध समाजाचं' ही विभागणीच वाटते तितकी स्वच्छ नाही. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी २००२च्या अखेरीस बाजारात आला, तेव्हा त्याच्या पोटात लिनक्स आहे हे कंपनीने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी ते शोधून काढलं, लिनक्स वापरून विकणाऱ्याने आपला कोडही द्यावा असं सांगणाऱ्या जीपीएल परवान्यावर बोट ठेवलं आणि २००३मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्याच कोडवर २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. पुढे प्रवाह उलटा वाहू लागला. आज क्वालकॉम आपल्या राउटर-चिपसाठी कंपन्यांना जे विकास-साहित्य देते, ते ओपनडब्ल्यूआरटीच्याच एखाद्या जुन्या आवृत्तीवर बेतलेलं असतं. त्यावर कंपनी आपला रंग, आपलं ॲप आणि आपला लोगो चढवते. म्हणजे कित्येक घरांत 'मूळ' म्हणून जे चालतं, ते काही वर्षांपूर्वी गोठवलेलं ओपनडब्ल्यूआरटी असतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२०मध्ये सात कंपन्यांचे १२७ घरगुती राउटर तपासले. त्यांतल्या ४६ राउटरना आधीच्या वर्षभरात एकही सुरक्षा-अपडेट मिळालेलं नव्हतं, आणि एक तृतीयांशाहून जास्त राउटर लिनक्स २.६.३६ किंवा त्याहूनही जुन्या कर्नलवर चालत होते. त्या कर्नलला शेवटची दुरुस्ती २०११मध्ये मिळाली होती.

हे आकडे पाहून कस्टमवाल्यांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. कस्टम फर्मवेअरवर घेता येणारा सगळ्यात वजनदार आक्षेप त्यांच्याच घरातला आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या ओपीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकात फेब्रुवारी २०१७पासून एक चूक होती. उतरवलेल्या पॅकेजचा हॅश, म्हणजे फाइल अस्सल आहे का हे सांगणारा तिचा ठसा, ताडून पाहण्याची पायरी प्रत्यक्षात वगळलीच जात होती. ती सापडली २०२०च्या सुरुवातीला. तीन वर्षं कोड सगळ्या जगासमोर उघडा होता, तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. डिसेंबर २०२४मध्ये मागणीनुसार इमेज (राउटरवर चढवायची फर्मवेअरची तयार फाइल) बांधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये दुसरी चूक निघाली: ६४ अक्षरांच्या हॅशपैकी फक्त १२ अक्षरं वापरली जात होती, त्यामुळे बनावट इमेज खऱ्याच्या नावाखाली खपवणं शक्य होतं. 'कोड खुला आहे, म्हणून सुरक्षित आहे' हे वाक्य या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

याहून मोठी अडचण आयुष्याची आहे. ओपनडब्ल्यूआरटीची नवी मालिका आली की जुनीला साधारण सहा महिने दुरुस्त्या मिळतात, मग ती बंद. म्हणजे वर्ष-दीड वर्षातून एकदा मालकाने स्वतः बसून मोठी उडी मारायची. या उड्या नेहमीच सरळ नसतात. २१.०२ मालिकेत अनेक राउटरवरची स्विच हाताळण्याची पद्धतच बदलली, जुन्या सेटिंगची फाइल नव्यावर चालेना आणि सगळं पुन्हा हाताने भरावं लागलं. शिवाय साधं सिसअपग्रेड (ओपनडब्ल्यूआरटीची अपडेट चढवण्याची पद्धत) केल्यावर सेटिंग राहतात, पण आपण वरून टाकलेली पॅकेज पुसली जातात. ज्याचं इंटरनेटच यूएसबी मोडेमवर आहे, त्याला मोडेमची पॅकेज उतरवायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटला ती पॅकेज लागतात. तेव्हा उत्साहात चढवलेलं आणि तीन वर्षं न पाहिलेलं ओपनडब्ल्यूआरटी हे आपोआप अपडेट होणाऱ्या कंपनीच्या फर्मवेअरपेक्षा वाईट आहे. हे मान्य न करता जो दुसऱ्याच्या घरी राउटर फ्लॅश करून, म्हणजे फर्मवेअर चढवून देतो, तो त्या घराला मदत करत नाही.

मग कस्टमची बाजू उरते कशाच्या जोरावर? चूक सापडल्यानंतर काय होतं, त्याच्या. २०१३मध्ये डी-लिंकच्या काही राउटरमध्ये असं आढळलं की ब्राउझरने आपली ओळख म्हणून एक ठरावीक मजकूर पाठवला, तर राउटर पासवर्ड न विचारता आत घेतो. (तो मजकूर उलट्या क्रमाने वाचला की त्यात 'बॅकडोअर' हा शब्दच होता, इतका निवांत कारभार.) हे शोधायला एका संशोधकाला बायनरी, म्हणजे फर्मवेअरची यंत्रभाषेतली फाइल, फोडून वाचावी लागली, आणि दुरुस्तीसाठी कंपनीकडे पाहत बसण्याखेरीज मालकांच्या हातात काही नव्हतं. आता याच्या शेजारी ऑक्टोबर २०१७ ठेवा. वाय-फायचं संरक्षण करणाऱ्या डब्ल्यूपीए२ मधली 'क्रॅक' ही त्रुटी जाहीर झाली, जवळपास प्रत्येक वाय-फाय यंत्राला लागू होणारी. ओपनडब्ल्यूआरटीची तेव्हाची शाखा असलेल्या एलईडीईने त्याच आठवड्यात दुरुस्त आवृत्ती काढली, आणि ती ज्या यंत्रांना मिळाली त्यांत कंपन्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलेली कितीतरी यंत्रं होती. २०२४ची इमेज-सर्व्हरची चूकही कळवल्यापासून काही तासांत बंद झाली. खुल्या कोडमुळे चुका कमी होतात असा माझा दावा नाही. यंत्र जुनं झालं म्हणून दुरुस्ती नाकारण्याचा अधिकार तिथे एकट्या कंपनीकडे राहत नाही, एवढाच आहे.

दुसरा खरा आक्षेप वेगाचा, आणि त्यावर दोन्हीकडून बरंच अर्धवट बोललं जातं. कंपनीचं फर्मवेअर पॅकेट पुढे ढकलण्याचं काम प्रोसेसरऐवजी चिपमधल्या खास भागाकडून करून घेतं, त्यामुळे किरकोळ प्रोसेसरचा राउटरही गिगाबिटची लाइन पूर्ण देतो. या भागांचे ड्रायव्हर बहुधा बंदिस्त असतात. ब्रॉडकॉमच्या चिपवर तर वाय-फायचाच धड खुला ड्रायव्हर मिळत नाही. अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटीचा विचारही करू नये. मीडियाटेकचं चित्र बरंच बरं आहे. एमटी७६२१ सारख्या जुन्या चिपवरही ओपनडब्ल्यूआरटीत ही सोय, म्हणजे हार्डवेअर ऑफलोड, चालू करता येते.

पण वेग म्हणजे फक्त स्पीड-टेस्टचा आकडा का? घरात कुणी मोठी फाइल वर चढवायला लागलं की दुसऱ्या खोलीतला व्हिडिओ कॉल तुटतो, याचं कारण बहुधा बँडविड्थची कमतरता नसतं. मोडेम आणि राउटरमध्ये पॅकेटांची लांबच लांब रांग साचते आणि २० मिलीसेकंदांचा प्रतिसाद काही शे मिलीसेकंदांवर जातो. याला बफरब्लोट म्हणतात. यावरचा उतारा, म्हणजे २०१२चा कोडेल, मग एफक्यू-कोडेल आणि केक या रांग आवरण्याच्या पद्धती, खुल्या कोडमध्ये घडला आणि खुल्या फर्मवेअरच्या मंडळींनी तो घरोघरच्या राउटरवर घासूनपुसून घेतला. ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएमचं, म्हणजे रांग आवरणारं, पॅकेज टाकायचं, लाइन मोकळी असताना डाउनलोड आणि अपलोडचा खरा वेग मोजायचा, दोन्हींच्या सुमारे ९० टक्के आकडे भरायचे, रांगेची शिस्त म्हणून केक निवडायचा. ओव्हरहेड, म्हणजे लाइनवर प्रत्येक पॅकेटला चिकटणारा जादा भार, नक्की माहीत नसेल तर ४४ बाइट धरावा; थोडा जास्त धरल्याने बिघडत नाही, कमी धरला तर रांग पुन्हा मोडेममध्ये साचते. इथे सगळे जण ठेचकाळतात ती जागा अशी: हार्डवेअर ऑफलोड चालू ठेवलं तर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात, त्यामुळे दोन्ही एकदम चालू ठेवण्यात अर्थ नाही. आणि ऑफलोड बंद केलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो. ८८० मेगाहर्ट्झच्या दोन कोअरांचा एमटी७६२१ केकसह दोनशे-तीनशे मेगाबिटच्या आसपासच दमतो. म्हणून हिशेब लाइनवर ठरतो. ५० किंवा १०० मेगाबिटची, त्यातही अपलोड कमी असलेली लाइन असेल, तर एसक्यूएम हे एकटं कारण फर्मवेअर बदलायला पुरेसं आहे. गिगाबिटच्या फायबरवर स्वस्तातला राउटर असेल, तर मूळ फर्मवेअर सोडून हाती काही लागणार नाही.

आता 'राउटर मेला तर' या भीतीकडे. ती खोटी नाही, पण मोघम आहे. बिघडतं कुठे, हे नीट पाहिलं की तिचं माप कळतं. पहिली चूक पाटी न वाचण्याची. एकाच नावाचा राउटर वेगवेगळ्या आवृत्त्यांत आतून निराळा असतो. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ची व्ही२ आणि व्ही५ यांच्या इमेज वेगळ्या आहेत, आणि आवृत्तीचा आकडा राउटरच्या बुडाच्या लेबलवर वाचायचा असतो, जाहिरातीत नाही. दुसरी चूक इमेजच्या जातीची: कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना सहसा 'फॅक्टरी' इमेज लागते, नंतरच्या अपडेटांना 'सिसअपग्रेड'. फाइलचा एसएचए-२५६ हॅश ताडून घ्यायचा, लॅपटॉप इथरनेट केबलने लॅन पोर्टला जोडायचा आणि फ्लॅश होत असताना वीज जाणार नाही एवढं बघायचं. वीज गेल्याचा धोका कंपनीच्या अपडेटलाही असतोच, फक्त तेव्हा तो कुणी मोजत नाही. पहिल्यांदा सुरू झाल्यावर बहुतेक राउटरवर वाय-फाय बंद असतं आणि रूटला पासवर्ड नसतो. इथे अनेकांना राउटर मेला असं वाटतं. प्रत्यक्षात केबल लावून १९२.१६८.१.१ उघडायचं असतं. त्यापुढचा नेहमीचा घोळ असा की सेवा पुरवणाऱ्याच्या मोडेमचा पत्ताही १९२.१६८.१.१च असतो. मग दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क होतं आणि इंटरनेट येत नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.२.१ केला की काम होतं.

खरोखर जपायची गोष्ट वेगळीच आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. फ्लॅश मेमरीत 'आर्ट' किंवा 'फॅक्टरी' (वरच्या 'फॅक्टरी' इमेजहून वेगळा) नावाचा एक छोटा भाग असतो. त्यात त्या एकाच नगाच्या रेडिओचं कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ते (यंत्राचे ओळख-क्रमांक) असतात, कारखान्यात मोजून लिहिलेले. तो पुसला गेला तर वाय-फाय दुबळं होतं किंवा दिसेनासं होतं, आणि तो कुठूनही उतरवून मिळत नाही, कारण दुसऱ्या नगाचा आकडा याला लागू पडत नाही. ओपनडब्ल्यूआरटी बसल्यावर बॅकअपच्या पानावर फ्लॅशचे भाग जसेच्या तसे उतरवून घेण्याची सोय आहे. सर्वांत आधी या भागाची प्रत काढून राउटरबाहेर ठेवावी. बाकीचे अपघात सहसा निभावतात, कारण नेहमीचं अपग्रेड बूटलोडरला, म्हणजे राउटर सुरू करणाऱ्या पहिल्या छोट्या प्रोग्रॅमला, हात लावत नाही. सेटिंग चुकली तर सुरू होताना दिवा भराभर लुकलुकतो तेव्हा बटण दाबून फेलसेफ या बचावाच्या अवस्थेत जाता येतं. इमेजच बिघडली तर अनेक राउटर टीएफटीपी या साध्या पद्धतीने केबलवरून नवी मागून घेतात. तेही जमलं नाही तर झाकण उघडून सिरियल पोर्ट: ३.३ व्होल्टचा अडॅप्टर, बहुधा ११५२०० बॉड, ग्राउंड, आरएक्स आणि टीएक्स या तीनच तारा, व्होल्टेजची चौथी तार जोडायची नाही. काही नव्या राउटरवर मात्र बूटलोडरच बदलावा लागतो. तिथे वीज गेली किंवा फाइल चुकली तर परतीची वाट अरुंद आहे, आणि नवख्याने त्या वाटेला जाऊ नये हा सल्ला योग्यच आहे.

सेवा पुरवणारी कंपनी जो डबा बसवून जाते, त्याची गोष्ट निराळी. फायबरच्या टोकाचं यंत्र कंपनीच्या जाळ्यात स्वतःची ओळख पटवूनच शिरतं, कधी लँडलाइनचा फोनही त्यातूनच चालतो. त्यावर कस्टम फर्मवेअर चढवायचा हट्ट धरू नये. तो डबा ब्रिज मोडमध्ये (फक्त सिग्नल पुढे देणारा, राउटरचं काम न करणारा) घालून घ्यावा, पीपीपीओईचं, म्हणजे लाइनच्या लॉगिनचं, नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक आधी लिहून घ्यावा आणि मागे आपला राउटर लावावा. 'कंपनी दुरून सांभाळते, मग आपल्याला काय काळजी' असं म्हणणाऱ्यांनी नोव्हेंबर २०१६मधलं जर्मनी आठवावं. दुरून सांभाळण्यासाठी उघड्या ठेवलेल्या ७५४७ या पोर्टवर मिराई या मालवेअरच्या एका अवताराने मारा केला आणि डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. हेही सांगायला हवं की त्याच दुरून-सांभाळण्याच्या सोयीमुळे कंपनीला दुरुस्त फर्मवेअर भराभर पोहोचवता आलं.

सर्वांत गंभीर आक्षेप रेडिओचा आहे. फर्मवेअर मालकाच्या हाती दिलं की तो वाट्टेल त्या चॅनलवर, वाट्टेल त्या ताकदीने प्रक्षेपण करेल. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलवर हवामानाची रडारं असतात, त्यांना त्रास होईल. यात तथ्य आहे. चुकीचा देश निवडून ताकद वाढवणारे लोक आहेतच, आणि त्यांचा राउटर ओरडतो मोठ्याने, पण फोनचा बारीक आवाज त्याला तेवढाच ऐकू येतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण एका गैरवापरासाठी सगळं यंत्र कुलूपबंद करायचं का? २०१५मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) उत्पादकांना विचारलेल्या प्रश्नांत डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या कस्टम फर्मवेअरचं नाव घेऊनच, ते बसण्यापासून यंत्र कसं वाचवाल, असं विचारलं होतं. गदारोळ झाला, त्याच वर्षी तो उल्लेख काढला गेला. २०१६मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत तर त्याच एफसीसीने २ लाख डॉलर दंडाबरोबर, रेडिओची मर्यादा पाळूनही त्रयस्थ फर्मवेअर चालेल असा मार्ग शोधायला कंपनीला सांगितलं. गंमत म्हणजे ताकदीची मर्यादा ओलांडू देणारी सोय होती ती टीपी-लिंकच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये.

हा युक्तिवाद जुना आहे. एटी अँड टी आपल्या टेलिफोन जाळ्याला दुसऱ्या कुणाचं उपकरण जोडू देत नसे, कारण काय तर जाळ्याला इजा होईल. १९६८च्या कार्टरफोन निकालात एफसीसीने म्हटलं की इजा करणारं उपकरण जरूर रोखा, सरसकट सगळी रोखू नका. पुढे जोडणीचे तांत्रिक निकष ठरले, आणि आन्सरिंग मशीन, मोडेम घराघरांत आली. रेडिओच्या मर्यादा रेडिओ चिपच्या आपल्या बंदिस्त फर्मवेअरमध्ये ठेवता येतात, आणि आज बऱ्याच अंशी तिथे त्या असतातही. फायरवॉल, डीएनएस आणि रांगेची शिस्त यांचा त्याच्याशी काय संबंध?

मधल्या वाटांबद्दल थोडक्यात. असुसच्या राउटरवरचं मर्लिन हे फर्मवेअर कंपनीच्याच कोडवर सुधारणा करतं, वेग राखतं, चढवायला सोपं आहे. पण त्यातले बंदिस्त भाग कंपनीकडूनच येत असल्यामुळे कंपनीने मॉडेल सोडलं की तेही लवकरच थांबतं. म्हणजे सोयी वाढतात, आयुष्य फारसं वाढत नाही. चेक संस्था सीझेड.एनआयसीचा टुरिस ओम्निया ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेला आणि तरी स्वतःहून अपडेट होणारा. खुलं म्हणजे कटकटीचं असायलाच हवं, हा समज त्याने २०१६पासून खोटा पाडला आहे. घरात राउटरकडे बघणारं एकच माणूस असेल आणि तेही वर्षातले काही महिने परगावी असेल, तर असा राउटर किंवा कंपनीचं आपोआप अपडेट होणारं फर्मवेअर, याखेरीज तिसरं काही सुचवू नये.

तारखेचं महत्त्व जानेवारी २०२४मध्ये ठळक दिसलं. अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केलं की चिनी सरकारशी जोडलेल्या गटाने शेकडो छोट्या राउटरांचं जाळं करून त्याआड हल्ले चालवले होते. त्यांतले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे, ज्यांचा आधार कंपन्यांनी संपवला होता. एफबीआयने न्यायालयाच्या परवानगीने लोकांच्या राउटरांत दुरून शिरून तो मालवेअर काढला. तो उपायही राउटर पुन्हा चालू करेपर्यंतचाच होता, कारण मूळ भोक बुजवणारं अपडेट काढायला कुणी उरलंच नव्हतं.

कायदे आता तारखेपर्यंत पोहोचले आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४पासून, सुरक्षा-अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणं सक्तीचं आहे. मुदत किती असावी हे मात्र त्याच्यावर सोडलं आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२७पासून पूर्णपणे लागू होईल आणि सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांचा आधार मागेल. चांगलं आहे. पण सहाव्या वर्षी काय? तेव्हा राउटरचं हार्डवेअर शाबूत असतं, आणि कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय फर्मवेअर न स्वीकारणारं बूटलोडरचं कुलूपही. ते काढण्याची सक्ती या दोन्ही कायद्यांत नाही.

ती असावी. आधार संपवताना कंपनीने काढायचं शेवटचं अपडेट हे सहीची तपासणी मालकाच्या इच्छेनुसार बंद करू देणारं असावं. हल्लेखोर त्याचा फायदा घेतील ही शंका रास्त आहे, म्हणून ते दुरून चालू होता कामा नये: राउटर बंद करून, मागचं बटण दाबून धरून, केबल लावूनच. हे करता येतं. २०२४च्या अखेरीस आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या राउटरमध्ये मुख्य २५६ मेगाबाइटच्या फ्लॅशशेजारी १६ मेगाबाइटची वेगळी फ्लॅश सावरण्यासाठी ठेवली आहे, आणि कुठल्या फ्लॅशवरून सुरू व्हायचं ते एका छोट्या स्विचवर ठरतं.